फटीतली आग

धाडकन आवाज झाला आणि वर्गातल्या सगळ्यांनी कान झाकले, तेही उशिरा.

रिव्हॉल्व्हर टेबलाला घट्ट बांधलेलं होतं. सरांनी त्याच्याभोवती पांढरा पुठ्ठा गुंडाळला होता आणि लांबून दोरीनं चाप ओढला होता. गोळी समोरच्या वाळूच्या पोत्यात गेली. पुठ्ठा मात्र दोन्ही बाजूंनी चिरला होता आणि चिरांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. सरांनी समजावलं. गोळ्यांचं चाक फिरायचं तर चाक आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते, जाड कागद जेमतेम शिरेल एवढी. गोळी नळीतून पुढे जाते, थोडी आग त्या फटीतून दोन्हीकडे निघते. तिथे कुणाचा हात असेल, तर त्यावर अशीच आडवी चीर उमटते आणि दारूचे कण कातडीत कायमचे राहतात.

आकांक्षाला आता पुठ्ठा दिसत नव्हता, आईचा उजवा हात दिसत होता. तळव्यावर आडवा व्रण, समोर बोटांवर तसाच दुसरा, दोन्हींत निळे-काळे ठिपके. आई त्याला तव्याचा चटका म्हणायची. अमरावतीला फॉरेन्सिक शिकायला आलेल्या लेकीनं तो चटका जन्मभर निमूट मान्य केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोर्शीजवळच्या त्यांच्या गावात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आकांक्षा पाळण्यात असताना संत्र्याच्या बागेच्या पाण्यावरून दोन भावांत जुंपली. थोरल्या चंद्रभाननं, म्हणजे तिच्या बाबांनी, परवान्याचं रिव्हॉल्व्हर धाकट्या जीवनवर रोखलं आणि ऐन वेळी नळी आभाळाकडे करून गोळी हवेत झाडली. ही गोष्ट सांगायचा तो जीवनकाकाच. बारसं असो की तेरवी, त्याला कुठलंही निमित्त पुरायचं. "रक्त रक्ताले ओयखते," असं तो शेवटी म्हणायचा. चंद्रभान तेव्हा मान खाली घालून सुपारी कातरत बसायचा. लोकांना तो विनय वाटायचा. या एका गोष्टीवर दोन्ही घरं आजवर एकत्र नांदली होती.

म्हणजे नळी बाबांनी फिरवलीच नव्हती.

संध्याकाळच्या एसटीनं ती घरी आली. आशाबाई अंगणात मेथी निवडत होती. आकांक्षानं आईचा हात हातात घेतला आणि वर्गात पाहिलेलं सगळं सांगितलं. आशाबाईनं तव्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आकांक्षाला रडूच आलं. पालीला भिणारी ही बाई! तिनं रोखलेलं रिव्हॉल्व्हर मुठीत धरून वर ढकललं होतं.

मग तिला काका आठवला. ज्यानं गोळी झाडली, त्यालाच तो इतकी वर्षं देव मानत होता. खरं सांगितलं तर घरं तुटतील, नाही सांगितलं तर बिचारा मरेपर्यंत फसलेला राहील. ती उठली आणि काकाच्या दाराकडे निघाली.

"बस खाली," आशाबाई म्हणाली. "तुह्या काकाले तू काय सांगतं? माह्या हाताले पट्टी त्यानंच बांधली. बांधता बांधता मले म्हणे, वयनी, दादानंच नळी वर केली, असं सांगू आपुन लोकायले."