गर्दी दिसणारा प्लॅन

फुकटात पिक्चर डाउनलोड केला म्हणून निनादला सिनेमात टाकलं. तसं काहीच झालेलं नाही, असं घरात ठरलं. तो बंगळुरूला नोकरीला लागलाय.

शिक्षा नवीन होती. चोरून बघणाऱ्याला पडद्याच्या आत पाठवायचे. हिरो-हिरॉइन पुढे प्रेम करतात, तेव्हा याने मागच्या गर्दीत गप्प उभं राहायचं.

दादा कुठे दिसतो का म्हणून त्याची धाकटी बहीण शाल्मली रोज नवे पिक्चर धुंडाळायची. पण घरी पिक्चर बघायच्या ॲपचा स्वस्तातला प्लॅन होता आणि त्यात गर्दी दिसत नाही. दंगलसुद्धा एकटाच माणूस करतो.

शेवटी तिनेही चोरटी कॉपी उतरवली. लग्नाचा सीन होता. पंगतीत निनाद बसला होता. जिलेबी तोंडाशी नेली, की सीन तुटायचा.

"आई, केवढा वाळलाय गं दादा!"

"बंगळुरूचं पाणी मानवत नसेल," आई म्हणाली. मग हळूच, "परत लाव."

या वेळी निनादने जिलेबी खाली ठेवली, थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले, "बंद कर, येडे! ते तुला पकडायला निघालेत."

दाराची बेल वाजली. आईने शाल्मलीचा दंड घट्ट धरला. शाल्मली दुसऱ्या हाताने फोनवर भराभर टाइप करू लागली.

"माननीय गर्दी नियोजन अधिकारी, सविनय विनंती की, अर्जदार मुलीस भावाच्या शेजारच्या पानावर बसवण्यात यावे, व त्याचा घास गिळून होईपर्यंत दृश्य तोडण्यात येऊ नये."