सगळ्यांना समजलं?

"दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे," मुख्याध्यापक गणिताच्या बाईंना म्हणाले आणि शेवटच्या बाकावर कसेबसे मावले. त्यांच्या शेजारी पालक समितीचे दोघं: एक डॉक्टरीणबाई आणि एक इंजिनिअर. पुढच्या सत्रापासून सगळ्या वर्गांत कोणतं ऑनलाइन साधन वापरायचं, ते आज ठरणार होतं. निवडायचं एकच होतं.

संगणकाच्या सरांचं दाखवून झालं होतं. त्यांच्या प्रश्नमंजुषेत बरोबर उत्तराला पडद्यावर फटाके फुटायचे, ढोल वाजायचे आणि शेवटी नावानिशी क्रमवारी झळकायची. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. गणिताच्या बाईंनी मात्र टाळी वाजवली नव्हती. हीच प्रश्नमंजुषा मागे महिनाभर वापरून पाहिली होती. क्रमवारीत सारखी तळाला येणारी एक मुलगी तेव्हापासून नेमकी गणिताच्या तासालाच आजारी पडायची. आज हे साधन पास झालं तर ती हातची जाणार, आणि तिच्यासारखी अजून चार. बाईंना हे लख्ख दिसत होतं.

बाईंचं साधन दिसायला अगदीच गरीब. एक प्रश्न, दोन बटणं, नाव कुणाचंच नाही.

"यात गंमत काय?" संगणकाचे सर हसले. "थांबा, पाहुण्यांनाही एकेक टॅबलेट देतो. मुलांना किती कंटाळा येतो ते तरी कळेल!" आणि त्यांनी शेवटच्या बाकावर तीन टॅबलेट सरकवलेसुद्धा.

बाईंनी खडू उचलला. तीन भागिले एक छेद दोन. "भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. उत्तर सहा. समजलं?"

"होऽऽऽ!" अख्खा वर्ग एका सुरात.

हा होकार बाई एकोणीस वर्षं ऐकत आल्या होत्या. त्याच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

"झालं की मग!" मुख्याध्यापक खूश झाले. "सगळ्यांना समजलं. यंत्र हवंय कशाला?"

बाईंनी पडद्यावर प्रश्न टाकला. 'अपूर्णांक उलटा का करायचा?' खाली दोन बटणं: 'माहीत आहे' आणि 'माहीत नाही'.

मुलांनी आपापल्या टॅबलेटवर बोट टेकवलं. कुणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाहून उपयोगच नव्हता. मग पडद्यावरचा एक खांब वाढू लागला. दहा. अठरा. सत्तावीस. दुसरा खांब काही जागचा हलेना. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वर्ग खरं बोलत होता.

खांब थांबला. माहीत नाही, बत्तीस. माहीत आहे, शून्य.

"गंडलं!" संगणकाचे सर जवळजवळ ओरडलेच. "बाई, वर्गात मुलं एकोणतीस आणि उत्तरं बत्तीस! असलं बिनभरवशाचं साधन घ्यायचं आपण?"

डॉक्टरीणबाई छताचा पंखा निरखू लागल्या. इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसतच राहिले.

मुख्याध्यापक उठले. टॅबलेट हातात घेऊन बाकांमधून वाट काढत पुढे आले. पहिल्या बाकावरच्या मुलीला "सरक गं जरा" म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

"हेच साधन घेऊ," ते म्हणाले. "पण बाई, आधी तो उलटा का करायचा ते सांगा. मी बावीस वर्षं गणित शिकवलंय."