डोळ्यांमधलं अंतर

पेद्रूने पपईच्या तुकड्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"मोठा कापलास," ओट्यापाशी भांडी पुसणारी हेलन आत्या म्हणाली. "दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच तुकडा. जास्त नाही."

"कोणाच्या डोळ्यांमध्ये?"

"त्याच्या गं बाई. तुझ्या मापाने दिलास तर गुदमरून मरेल तो."

इनेझने तुकडा बशीत टाकला. पेद्रू हातभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा सरडा होता. चिडला की गळ्याखालचे काटे फुगवून काळे करायचा, म्हणून पाळीव प्राण्यांच्या दुकानात त्याला दाढीवाला ड्रॅगन म्हणत. आत्याचा नातू केनी तीन वर्षांपूर्वी कॅनडाला शिकायला गेला आणि जाताना पेद्रूला आल्बर्टआजोबांकडे सोडून गेला. आल्बर्ट म्हणजे इनेझचे पप्पा. त्यांना जाऊन महिना झाला होता; आज सकाळी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. पाहुणे जेवून गेले. निर्मळ गावातल्या त्या घरात आता आत्या, इनेझ आणि सरडा एवढेच उरले होते. संध्याकाळी आचोळ्याची एक बाई सरड्याला न्यायला येणार होती. तसं इनेझनेच ठरवलं होतं.

फ्रिजवर केनीने छापून दिलेली यादी चिकटवलेली होती. फळ आठवड्यातून दोनदाच, तुकडा डोळ्यांमधल्या अंतराएवढाच. बिया, साल, देठ काढून. लिंबू, संत्रं नको. अवोकाडो म्हणजे विष. केळं क्वचित, तेही नखाएवढं. उभा जन्म केळीच्या वाडीत घालवलेल्या पप्पांनी हेसुद्धा निमूट मानलं होतं. सगळ्यांत खाली पप्पांच्या हातची एक ओळ होती. चिकू: कधीच नाही. खाली दोन रेघा.

तीन वर्षं इनेझने हे कौतुक फोनवर पाहिलं होतं. ती बोलत असायची आणि पप्पा फोन पेद्रूकडे वळवायचे. बोटाच्या टोकाने पपईची एकेक बी काढायचे. अंजीर चिरायचे, पुन्हा चिरायचे, उजेडात धरून बघायचे. मग तळहात पुढे करायचे. "खा रे, सावकाश खा." तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

तिला पप्पांनी कधीच काही भरवलं नव्हतं. लहानपणी फळाची बशी तिच्यासमोर ठेवून ते मागे सरकायचे. तापातली पेज ममीनेच भरवली. पप्पा दारात उभे. तिच्या लग्नातसुद्धा केकचा तुकडा त्यांनी तिच्या हातात ठेवला होता. फोटोग्राफर दोनदा ओरडला, "अंकल, भरवा ना मुलीला!" पप्पा हसले आणि बाजूला झाले. अल्बममध्ये त्या जागी सासऱ्यांचा फोटो आहे.

आणि हा सरडा तळहातावर जेवायचा.

दुपारी तिने केनीला विचारलं होतं, चिकूने काय होतं? त्याचं उत्तर आता आलं. काही नाही होत, मावशी. बी काढून थोडासा चालतो. आजोबांना किती वेळा सांगितलं, पण ते ऐकायचेच नाहीत.

म्हणजे ह्यातही लाड. नुसते लाड.

पाहुण्यांपैकी कोणीतरी डहाणूच्या चिकूंची पिशवी आणली होती. इनेझने एक चिकू घेतला आणि हातानेच फोडला. न कापता, न मोजता एक लगदा उचलला. आत काळी चकचकीत बी दिसत होती. ती तिने पाहिली. पाहूनही हात पुढे केला. पेद्रूने तोंड उघडलं.

आत्याने तिच्या मनगटावर असा फटका मारला की लगदा भिंतीवर जाऊन आपटला.

"ह्या घरात चिकू नाही!"

"अगं, सरडा आहे तो! मी लहान असताना कोणी माझ्यासाठी बिया काढल्या होत्या का?"

आत्याने खाली वाकून जमिनीवर पडलेली बी उचलली आणि इनेझच्या तळहातावर ठेवली. बीच्या टोकाला बारीकसा आकडा होता.

"तुझ्या घशातून निघाली होती ती अशीच होती," आत्या म्हणाली. "दीड वर्षाची होतीस. आल्बर्ट भरवत होता तुला. निळी पडलीस. त्याने उलटी धरली, पाठीत मारत सुटला, तेव्हा कुठे बी पडली. तू रडलीस आणि तो खालीच बसला. संध्याकाळी कोयता घेऊन विहिरीकडचं चिकूचं झाड तोडलं त्याने. ते खोड आहे ना, बसायचा तो, तेच. तुझी ममी म्हणाली, पोरीला कोणी सांगायचं नाही. मग त्याने तुझ्या तोंडाजवळ हात नेला नाही. कधीच."

टेबलावर फोन वाजू लागला. आचोळ्याची बाई. इनेझने तो वाजू दिला. वाजून वाजून बंद झाला.

पेद्रू त्याच्या पेटीच्या काचेला टेकून वाट पाहत होता. इनेझने सुरी घेतली. पपईची फोड पुसली, एकेक बी काढली, वाकून त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कापू लागली.

"मग ह्याला कसं भरवायचे?" कापता कापता तिने विचारलं.

"केनीने ती यादी दिली ना, त्या दिवशी बराच वेळ वाचत बसला होता," आत्या म्हणाली. "मग मला म्हणाला, हेलन, बघ, ह्यात माप लिहिलंय. माझ्या इनेझच्या वेळी मला कोणी मापच सांगितलं नाही."