दर पाच मिनिटांनी

पावती पुन्हा अडकली. रांगेत पुढे असलेल्या सिदूचं दूध मोजून झालं होतं, फॅटही लागली होती, पण पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. बाहेर रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि एप्रिलचं ऊन आठ वाजताच कॅनवर येऊन बसलं होतं. स्वप्नाने पुन्हा बटण दाबलं.

युसूफ वडगावच्या या दूध संकलन केंद्रात कंप्युटर एकच. त्याच्या पोटात तिने तीन व्हर्च्युअल मशीन बसवल्या होत्या. एक दुधाच्या नोंदीची, एक पशुखाद्याची, एक कॅमेऱ्यांची. पडद्यावर तिन्ही वेगळ्या, पण लिहायला-वाचायला डिस्क एकच. एका नळावर तीन घरांनी पाणी भरावं तसा सगळा कारभार. गेले आठ दिवस त्या नळावर भांडण लागलं होतं, आणि काल दोन कॅन दूध नासलं.

"कोण अडवतंय?" असं अध्यक्ष सुंदररावांनी विचारलं, तेव्हा ती छातीठोकपणे म्हणाली होती, "कॅमेरे. ते सारखं लिहीत असत्यात." पोरीच्या हाती कंप्युटर दिला म्हणून गाव त्यांना आधीच टोमणे मारत होतं. तिला उत्तर हवंच होतं.

कॅमेरे बसवणारा यासीन आता शिडीवर चढला होता. त्याचं हे पहिलंच मोठं काम. परवाच त्याने रेकॉर्डिंग निम्म्यावर आणलं होतं, तरी काडीचा फरक पडला नव्हता. स्वप्नाने ते पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सगळ्या वायरी सोड," खालून सुंदरराव म्हणाले. "उद्यापास्नं तुजे कॅमेरे नकोत आमाला."

रांगेत सारजाबाई कॅनचं झाकण काढून पुन्हा वास घेत होती.

"मावशे, घडीघडी नको उघडू ते," दूध मोजणारा आसाराम ओरडला. "तुज्या बघण्यानंच नासंल!"

स्वप्नाचा हात थांबला. आठ दिवसांपूर्वी लाइट जाऊन आल्यावर कंप्युटर जरा अडखळला होता. तेव्हा काळजीपोटी तिने तिन्ही मशीनमध्ये डिस्कचा वेग तपासणारी चाचणी लावून ठेवली होती. दर पाच मिनिटांनी. वेग मोजायचा म्हणून ती चाचणी प्रत्येक वेळी भलीमोठी फाइल लिहून बघायची. तिन्हीकडे, एकाच वेळी. डिस्क कॅमेऱ्यांनी अडवलीच नव्हती. तिच्या काळजीने अडवली होती.

तिने गुपचूप तिन्ही चाचण्या बंद केल्या. पावती खर्रकन बाहेर आली. मग दुसरी, तिसरी. रांग सरकायला लागली.

"बघा, वायरी सुटल्या अन् कसं झ्याक झालं!" सुंदरराव खूश झाले. "स्वप्ना, बरोबर वळखलं व्हतंस तू."

तिला हायसं वाटलं. लाजही वाटली, लई वाटली, पण ती कुणाला दिसणार होती?

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "कॅमेऱ्यांचंच व्हतं सगळं."

शिडीवर यासीन अजून कॅमेऱ्यांच्या वायरींच्या पेटीशी झटत होता.

"अध्यक्षसाहेब," त्याने वरूनच सांगितलं, "स्क्रू गंजलाय. म्या आजून एकबी वायर सोडली न्हाई."