हलकं यंत्र

"हलकं दाखवा. पाइप, खिळे, हरवलेली अंगठी, सगळं शोधणारं," प्लंबर गुरकावला. आधीच त्याचं मनगट दुखत होतं आणि दुकानदार एकेक धूड गळ्यात मारायला बघत होता.

दुकानदाराने दुसरा मेटल डिटेक्टर त्याच्यापुढे आदळला. "हे घ्या. आता तरी कुरकुर करू नका."

प्लंबरने यंत्राची तबकडी फरशीवरून फिरवली. दाराजवळच्या लादीवर ते किंचाळलं. त्याने पुन्हा फिरवली, तेव्हा ती लादी गप्प होती आणि अलीकडची किंचाळत होती.

"बिघडलेला माल विकता?"

"मघापर्यंत नीट होतं. तुमच्या मागोमाग काय आत आलंय, ते बघा!" दुकानदार खेकसला, पण काउंटरमागून हलेना.

आवाज प्लंबरच्या पायांपर्यंत आला. तो मागे सरकला, तसा आवाजही सरकला.

"खालून पाइप गेला असेल," असं पुटपुटत त्याने तबकडी वर उचलली. गुडघ्याच्या उंचीवरही यंत्र ओरडतच होतं. कमरेपाशी त्याचा आवाज आणखी चढला.

तबकडी छातीपाशी आली, तसं मनगटाचं दुखणं एकदम थांबलं. यंत्राचं वजनच लागत नव्हतं. पलीकडचं टोक कुणीतरी धरलं होतं.