मंगळावरची गळती

प्लंबरने पत्र्यावर पान्याने तीनदा ठोकलं आणि ओरडून विचारलं, "कॉक दोन आहेत! कुठला बंद करू? डावा की उजवा?"

आत चौघंजण चिडीचूप उभे राहिले. त्यांना मंगळावर येऊन दोनशे अकरा दिवस झाले होते, आणि मंगळावर बाहेरून हाक येत नाही.

मंगळ म्हणजे एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगणातली पत्र्याची लांबट शेड. खऱ्या मंगळावर माणसं वर्षभर टिकतील का, हे बघायला चौघांना आत कोंडलेलं. नियम साधे होते. परवानगीशिवाय दार उघडायचं नाही. पृथ्वीशी, म्हणजे अंगणापलीकडच्या कंट्रोल रूमशी, फक्त लेखी बोलायचं. निरोप जायला वीस मिनिटं, उत्तर यायला वीस. अंतर तसं तीस पावलांचं, पण शिस्त म्हणजे शिस्त. आधीची तुकडी एकशे सत्तराव्या दिवशी फुकट गेली होती. बाहेर कुणीतरी "पार्सल!" म्हणालं आणि त्यांच्या इंजिनिअरने सवयीने दार उघडलं.

आज सकाळी भिंतीमागचा पाइप फुटला. कप्तानबाईंनी पृथ्वीला कळवलं, पृथ्वीने प्लंबर धाडला. तो येतोय हा निरोप अजून वाटेत होता. प्लंबर आधी पोचला.

"मी सांगते त्याला," झाडं सांभाळणारी मुलगी कुजबुजली. तिला सगळे माळीण म्हणत. "पाणी बॅटरीपासून वीतभर राहिलंय."

"कोणाला सांगतेस?" कप्तानबाई म्हणाल्या. "बाहेर कोणी नाहीये. बाहेर मंगळ आहे."

"अहो, आहे का कोणी?" मंगळाने विचारलं.

"अंतराळाचा पोशाख चढवून बाहेर जाऊ या का?" चौथ्याने विचारलं.

"त्याला परवानगी लागते. चाळीस मिनिटं."

"तोपर्यंत बॅटरी पोहायला लागेल."

"मी अंदाजाने एक फिरवतो हं!" बाहेरून आवाज आला.

चौघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. दुसरा कॉक हवेचा होता. कुठला कशाचा हे दाखवणारा नकाशा आतल्या भिंतीवर चिकटवलेला, म्हणजे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. हवा बंद पडली की सुरक्षेसाठी दार आपोआप उघडणार, आणि दार उघडलं की मंगळ संपला. दोनशे अकरा दिवस पाण्यात.

डॉक्टर मघापासून नियमांचं पुस्तक चाळत होता. तो म्हणाला, "बाई, पृथ्वीवरच्या माणसाशी थेट बोलायला बंदी आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा पृथ्वीवर कुठाय? हा मंगळावर उभा आहे. पोशाख नाही, हवेची नळी नाही, आणि खणखणीत ओरडतोय. अनुक्रमणिकेत आहे, पान चौऱ्याण्णव बघा."

पान चौऱ्याण्णव आणि पंच्याण्णव एकमेकांना चिकटलेली होती. कोणालाच कधी गरज पडली नव्हती. नखाने सोडवल्यावर मथळा दिसला: 'परग्रहावर जीव आढळल्यास'.

कप्तानबाईंनी ते पान सबंध वाचलं. मग नोंदवही उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दिवस २११. अकरा वाजून सात मिनिटं. मंगळावर जीव सापडला.' खाली सही केली, केस सारखे केले आणि भिंतीपाशी जाऊन खड्या आवाजात पुस्तकातलं पहिलं वाक्य वाचलं.

"आम्ही शांततेसाठी आलो आहोत!"

"मी गळतीसाठी आलोय," जीव म्हणाला. "डावा की उजवा?"

"त्याआधी थोडी माहिती हवी. तुम्ही एकटे राहता की कळपाने?"

"घरात सात माणसं आहेत मॅडम. कॉकचं बोला ना!"

"आहार काय?"

"बाई!" माळीण किंचाळली. पाणी बॅटरीच्या पायाला लागलं होतं.

"उजवा!" कप्तानबाई ओरडल्या.

"माझा उजवा की तुमचा?"

इथे विज्ञान क्षणभर अडलं. कप्तानबाई गर्रकन वळल्या, भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात वर करून आळीपाळीने पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचा डावा!"

लोखंड करकरलं. भिंतीमागची फुसफुस हळू झाली आणि थांबली. पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं. माळिणीने डॉक्टरला मिठी मारली आणि मग ओशाळून चौथ्यालाही मारली, उगाच गैरसमज नको म्हणून.

"झालं बघा," बाहेरून आवाज आला. "पाइप बाहेरूनच बदलून देतो उद्या. येऊ का मग?"

डॉक्टरने पुस्तकातलं शेवटचं कलम वाचून दाखवलं. "'संपर्क शक्य तितका आटोपता घ्यावा.'"

कप्तानबाईंनी मान डोलावली. त्यांचा कान मात्र पत्र्याला लागलेला होता. दोनशे अकरा दिवस त्या जे काही विचारत होत्या, त्याचं उत्तर यायला चाळीस मिनिटं लागत होती. तोवर आपण काय विचारलं होतं हेच विसरायला व्हायचं.

"बाहेर ऊन आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"आहे की. चांगलं कडक आहे."

कप्तानबाईंनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. काटा हललाच नव्हता.

त्यांनी पायाने बादली ओढली, उपडी केली आणि भिंतीला टेकून तिच्यावर बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "बाकी काय म्हणता?"

पत्र्यापलीकडे हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.