निळे हात

ओल्या गिलाव्यावरचं आपलं चित्र पाहून बार्तोला खळखळून हसली. इटलीतल्या सिएना शहरातल्या त्या लहानशा चर्चची भिंत तिच्या देणगीतून रंगत होती, म्हणून रिवाजाप्रमाणे मेरीमातेच्या पायाशी गुडघे टेकलेली तीही चित्रात होती.

"हे गोरेगोमटे हात कुणाचे, लिप्पो?" तिने चित्रकाराला विचारलं.

"तुमचेच, बाई. जरा सुधारलेत."

कापड रंगवून कोपरापर्यंत निळे झालेले हात तिने त्याच्यापुढे धरले. "नवरा गेल्यावर यांनीच घर चालवलं. चित्रात हेच हात रंगव."

"निळा रंग फक्त मातेच्या वस्त्राचा, बाई! पाद्रीबाबा भिंत पुसायला लावतील."

"त्यांच्याशी मी बोलेन. गिलावा वाळायच्या आत तू ते गोरे हात खरवड."

लिप्पोने मान डोलावून थापी उचलली.

रविवारी पाद्रीबाबा चित्रापुढे थबकले. "मातेसमोर असे मळके हात?"

"मळके नाहीत, फादर. रोज घासून धुते. माझा रंग जात नाही, म्हणून तर तुम्ही झगे माझ्याकडूनच रंगवून घेता."

पाद्रीबाबांना हसू फुटलं.

निळ्या हातांच्या संकोचाने नेहमी मागे दाराशीच उभ्या राहणाऱ्या, बार्तोलाकडे काम करणाऱ्या रंगारणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग गर्दीतून वाट काढत त्या पुढे आल्या आणि थेट वेदीसमोर उभ्या राहिल्या.